हिरव्या वायरची किल्ली

"आज साडेसात ते साडेनऊ!" लहूनं आपल्या ओट्यावरून ओरडून सांगितलं. "कंपनीनं मागितलीय."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण चारकोपच्या त्या सोसायटीत पस्तीस घरं एकाच चौकाभोवती दाटीवाटीनं बसलेली. एकाच्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्यानं मोजायच्या, अशी तिथली रीत. त्यामुळे लहूच्या मोबाइलवर वीज कंपनीचा निरोप आला की तो सगळ्या चौकाचाच व्हायचा.

समोरच्या ओट्यावर गुणाजी लसूण सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बोटांतली पाकळी मात्र चेचली गेली.

"कंपनी काय भिकेला लागली?" तो पुटपुटला. "लोकांच्या दारात वीज मागत फिरते ती."

"तुमच्याकडे कोण मागूक इलो?" आतून त्याची बायको जानकी म्हणाली. "गप लसूण सोला."

तेच तर दुखणं होतं. त्याच्याकडे कुणी मागायला येत नव्हतं.

लहूच्या ओट्याच्या भिंतीवर एक पांढरी पेटी होती. बॅटरीच, पण लहू तिला पेटी म्हणायचा म्हणून सगळा चौक पेटी म्हणायचा. गच्चीवरच्या पॅनलांमुळे ती दिवसभर भरत राहायची. संध्याकाळी साऱ्या शहराचे एसी आणि गिझर एकदम सुरू झाले आणि वीज पुरेनाशी झाली, की कंपनी अशा घरोघरच्या पेट्यांतून थोडी थोडी वीज ओढून घ्यायची आणि तिचे पैसे द्यायची. तेवढा वेळ पेटीवरचा हिरवा दिवा निळा व्हायचा. लहूनं बोटसुद्धा हलवायचं नाही. ओट्यावर पाय पसरून चहा प्यायचा आणि वीज विकायची. गुणाजीनं अडतीस वर्षं वायरमनकी केली, चार वेळा शॉक खाल्ला, एकदा शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलं, आणि ज्या विजेनं त्याला हे सगळं दिलं तीच वीज लहूला बसल्या जागी पैसे देत होती.

बरं, लहू म्हणजे कोण? दुसरा कुणी असता तर गुणाजीनं सोडूनही दिलं असतं. लहू त्याची शिडी धरायचा. म्हाडानं इथे नुसते जोते बांधून दिले होते आणि माणसं पत्रे टाकून राहत होती, तेव्हाची गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर लहूचे वडील गावाला गेले आणि वीस वर्षांचा लहू इथेच राहिला. गुणाजीनं त्याला हाताशी घेतलं. पस्तीसच्या पस्तीस घरांत गुणाजीनं लाइन फिरवली आणि शिडी लहूनं धरली. दहा वर्षं धरली. काम काही त्याला आलं नाही. लाल कुठली, काळी कुठली, इथेच गाडी अडायची. शेवटी गुणाजीनंच ओळखीनं त्याला एका शाळेत शिपाई म्हणून चिकटवला. त्या लहूच्या भिंतीवर पेटी! आणि वर तो चारचौघांत सांगणार, "व्होल्टेज जरा वर-खाली होतंय आज." ज्याला होल्डर बसवता येत नव्हता तो व्होल्टेजच्या गप्पा मारतो म्हटल्यावर गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सगळ्यात वाईट म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं सोसायटीत आली होती, ती आधी गुणाजीच्याच दारात. त्याच्या गच्चीवर दिवसभर ऊन, कशाची सावली नाही. पण भर मीटिंगमध्ये तो उभा राहिला. "वीज कंपनीकडून घ्यायची असते, कंपनीला द्यायची नसते," तो म्हणाला होता. "हे उद्या पेटी लावतील आणि परवा घराचा सातबारा मागतील. मी सांगतोय, अडतीस वर्षं या धंद्यात काढलीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. काका म्हणतात म्हणजे तसंच असणार. एकट्या लहूच्या समीक्षानं फॉर्म भरला. "पोरीनं भरला हो काका, मला काय कळतं," असं म्हणून लहू ओशाळवाणा हसला होता. पहिले काही हप्ते भरून त्याची पेटी सुरू झाली आणि कंपनीकडून पहिले पैसे आले, तेव्हा त्यानं चौकात जिलेबी वाटली.

"नको. मला शुगर आहे," गुणाजीनं हात वर केला होता.

पुडा जानकीनं ठेवून घेतला. तासाभरानं ती नळावर गेली तेव्हा गुणाजीनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या एक जिलेबी तोंडात टाकली. चांगली निघाली. त्याचाही त्याला राग आला.

आणि मग मे महिना. भर संध्याकाळी कुठेतरी केबल जळाली आणि अख्खी गल्ली काळोखात गेली. गुणाजी ताडकन उठला, खिशातला टेस्टर चाचपला, पायात चपला सरकवल्या. तीस वर्षं असंच चालत आलं होतं. लाइट गेली की पहिली हाक त्याच्या नावानं यायची. "काका, आमच्याकडेच गेलीय का सगळीकडे?" "काका, जरा फ्यूज बघा ना." तो उंबऱ्यावर उभा राहून वाट बघत होता. चौकात माणसं बाहेर आली, पण सगळी समोर वळली. लहूच्या घरी दिवे होते. पंखा होता. त्यानं ओट्यावर एक्स्टेन्शन बोर्ड आणून ठेवला आणि बारा-पंधरा मोबाइल त्याला लटकले. सेक्रेटरी चंद्रप्रकाश तिथे खुर्ची टाकून बसला. म्हातारी माणसं पंख्याखाली बसली.

"गुणाजीकाका, या ना इकडे! वारा आहे!" लहूनं हाक मारली.

आलेली हाक ही असली. गुणाजी आत गेला आणि काळोखात पलंगावर बसून राहिला. डास चावत होते, पण तो गेला नाही.

"जळून काय मिळता तुमका?" जानकीनं विचारलं.

"कोण जळतोय?"

"माका काय दिसत नाय?"

काळोखात तिला काय दिसणार होतं? पण तिला दिसलं होतं.

गणपती आले. गुणाजीच्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा आठवडा हा. चौकातली अकरा घरं कोकणातली, ती गणपतीला गावी जायची आणि जाताना किल्ल्या गुणाजीच्या हाती द्यायची. घर बंद राहणार म्हणजे मेन स्विच पाडायचा, हा त्यानंच पस्तीस वर्षांपूर्वी घालून दिलेला नियम. बंद घरात शॉर्टसर्किट झालं तर चौक जळेल. माणसं गेली की तो घरोघर फिरायचा. मेन खाली ओढायचा, फ्रिजच्या दारात कागदाची घडी सरकवायचा म्हणजे आत वास येत नाही, तुळशीला पाणी घालायचा. ती परत यायच्या आदल्या दिवशी मेन वर करून ठेवायचा. एवढ्या वर्षांत कुणाची टाचणी हलली नव्हती. किल्ल्या ओळखायला त्यानं प्रत्येकीला वायरच्या सालीचा तुकडा बांधला होता. कुणाला लाल, कुणाला पिवळा, कुणाला काळा. लहूच्या किल्लीला हिरवा.

यंदाही तो गावी न जाता मागे राहिला. लहू निघायच्या आदल्या संध्याकाळी किल्ली घेऊन आला.

"काका, माझा मेन तेवढा पाडू नका हां. पेटी लाइनवर राहायला पाहिजे. गणपतीत पण मागतील ते. मेन पाडला तर बाहेर एक युनिट जात नाही म्हणे."

"मला शिकवतोस?"

"तसं नाही हो. यंदा सात घरं फॉर्म भरतायत ना, माझं बघून. तेव्हा म्हटलं आपलं नाव खराब नको." लहू हसला. पहिल्यांदाच चौकात कुणीतरी त्याचं ऐकून काही करणार होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. "तुम्ही आहात म्हणून मी बिनघोर जातो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं लहूचं घर गेलं. दहा वाजता गुणाजी फेरीला निघाला. पाच घरं झाली. सहावं लहूचं. त्यानं आधी तुळशीला पाणी घातलं. फ्रिज चालू राहणार म्हणून कागदाची घडी खिशातच ठेवली. म्हणजे लहूनं काय सांगितलं होतं ते त्याच्या पक्कं लक्षात होतं. मग तो मेनपाशी आला. शेजारी पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा. आतून बारीक घूं असा आवाज येत होता. या घरातली प्रत्येक वायर त्यानं ओढलेली होती. या मेनचा बोर्ड त्यानं ठोकला होता, आणि तो ठोकताना खाली लहू शिडी धरून जांभया देत होता.

त्यानं मेन खाली ओढला.

पेटीवर तांबडा दिवा लागला. गुणाजीला गार वाटलं. खोटं कशाला बोला, मे महिन्यापासून पहिल्यांदा गार वाटलं. मग तो उरलेल्या पाच घरांकडे गेला.

त्या आठवड्यात कंपनीनं दोनदा वीज मागितली. दोन्हीदा लहूच्या घरून काही गेलं नाही. आठव्या दिवशी दुपारी गुणाजीनं नेहमीप्रमाणे अकराही मेन वर केले आणि नवव्या दिवशी लहू नारळाचं पोतं आणि आंबोळीचं पीठ घेऊन परत आला. मोबाइलवर कंपनीची लाल पट्टी आली होती, दोन्ही वेळा वीज मिळाली नाही म्हणून. गावात रेंज नसल्यामुळे ती त्याला आत्ता दिसली. मेन तर वर होता. मग वीज का गेली नाही, ते त्याला कळेना.

बातमी चौकात फिरायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

"काका, तुम्ही म्हणत होता तेच खरं," चंद्रप्रकाश आपणहून गुणाजीच्या ओट्यावर येऊन बसला. "ऐन वेळी दगा दिला पेटीनं. मी तर फॉर्म परत घेतोय."

"आम्ही पण," आणखी कुणी म्हणालं. "काकांना विचारायला हवं होतं आधी."

संध्याकाळपर्यंत सातही फॉर्म मागे आले. गुणाजीच्या ओट्यावर पुन्हा माणसं बसू लागली. कुणाचा पंखा हळू फिरत होता, कुणाचं बिल जास्त आलं होतं. सगळे काकांना विचारत होते. गुणाजी मांडी घालून बसायचा आणि सांगायचा. चार दिवस हे सुख त्यानं पोटभर भोगलं. समोर लहू पेटीपाशी बसलेला असायचा, ओल्या फडक्यानं ती पुन्हा पुन्हा पुसत. पुसल्यानं बरी होईल असं त्याला वाटत असावं.

पाचव्या दिवशी तो उठून चौक ओलांडून आला.

"काका, जरा बघता का? कंपनीचा माणूस शनिवारी येतोय. त्याच्या आधी तुम्ही हात लावा एकदा. तुम्हाला कळेल."

ओट्यावर माणसं होती. नाही म्हणता येईना. गुणाजी गेला, खिशातला टेस्टर काढला, इथे लावला, तिथे लावला, कान देऊन ऐकलं. या पेटीतलं त्याला काहीच कळत नव्हतं आणि कळण्याची गरजही नव्हती.

"आतच खोट आहे," तो म्हणाला. "माल हलका दिला तुला."

"असं?" लहूचा चेहरा उतरला. "तरी पोरगी म्हणत होती, कंपनी चांगली आहे." मग तो म्हणाला, "जाऊ दे. तुम्ही बघितलंत, शंका मिटली."

घरी आल्यावर जानकीनं गुणाजीकडे एकदा बघितलं. तिनं त्याच्यापुढे लहूनं दिलेल्या पिठाची आंबोळी ठेवली. त्यानं ताट बाजूला सरकवलं.

शनिवारी माणूस नाही, मुलगी आली. नेत्रा तिचं नाव, पाठीला बॅग, हातात टॅब. तिनं पेटीला वायर जोडली आणि पाच मिनिटं बघत राहिली. चौक गोळा झाला. गुणाजी आपल्या ओट्यावरून उठला नव्हता, पण त्याला सगळं ऐकू येत होतं.

"पेटी एकदम ओके आहे, काका," ती लहूला म्हणाली. "मेन बंद होता. हे बघा, सगळी नोंद असते आत. सोमवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मेन खाली. पुढच्या सोमवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी वर. कोणी बंद केला होता?"

मेन कोण पाडतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मान वळवून समोर बघायची हिंमत कुणाची होईना.

लहूनं टॅबकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मीच पाडला असेल, मॅडम," तो म्हणाला. "गावाला जाताना आम्हाला सवय असते ना. घाईत विसरलो."

"पण लहू, तू तर पहाटेच्या एसटीनं..." चंद्रप्रकाशच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली.

"मीच पाडला," लहू पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं.

गुणाजीला तो दिवस आठवला, लहूनं चुकून चालू लाइनला हात लावला होता आणि त्यानं शिडीवरून उतरून त्याच्या कानफटात मारली होती. लहूनं तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. गाल सुजला तर दाढ दुखते म्हणाला. तो लहू आता त्याच्यासाठी सगळ्या चौकासमोर खोटं बोलत होता, आणि हे गुणाजीला पेटीपेक्षा, जिलेबीपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त झोंबलं. एवढा मोठेपणासुद्धा यानंच घ्यावा?

तो उठला. चौक ओलांडायला दहा पावलं लागतात. ती त्यानं सावकाश टाकली.

"मी पाडला," तो नेत्राला म्हणाला.

"अहो, सवयीनं!" लहू घाईघाईनं मध्ये आला. "मॅडम, यांच्याकडे अकरा घरांच्या किल्ल्या असतात. पस्तीस वर्षांची सवय आहे त्यांना. हात आपोआप गेला असणार. काका, सवयीनंच ना?"

चौकातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सवयच ती. होतं असं म्हाताऱ्या माणसाचं. सगळे त्याला वाट करून देत होते. फक्त "हो" म्हणायचं होतं, आणि किल्ल्या, ओटा, काका, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"सवयीनं नव्हे," गुणाजी म्हणाला. "यानं मला बजावून सांगितलं होतं. माझ्या लक्षात होतं." त्यानं लहूकडे बोट दाखवलं. "मला बघवलं नाही याचं. म्हणून पाडला. आणि त्या दिवशी पेटीत खोट आहे म्हणून सांगितलं, तेही खोटं. फॉर्म भरा सगळ्यांनी. पेटी चांगली आहे."

दिवाळीपर्यंत लहूचं घर वीज घ्यायच्या यादीतून बाहेर राहील, नियमच आहे, असं नेत्रानं हळू आवाजात सांगितलं आणि बॅग भरली. लहू गुणाजीकडे बघत होता. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि मग घरात गेला.

जानकी दारात उभी होती. "जेवान वाढलंय," एवढंच म्हणाली.

दिवाळी झाली. लहूचं घर पुन्हा यादीत आलं. चंद्रप्रकाशच्या भिंतीवर पेटी आली, मग आणखी पाच भिंतींवर. संध्याकाळी एकाऐवजी सात मोबाइल वाजू लागले. गुणाजीशी कुणी वाईट वागलं नाही. "काका, जेवलात का?" विचारायचे. पण पंखा हळू फिरला तर बाहेरून माणूस यायचा, आणि ओट्यावर बसायला कुणी यायचं नाही. लहू समोरून जाता-येता मान हलवायचा. बोलायचा नाही.

शिमग्याला कोकणातली घरं पुन्हा गावी निघाली. गुणाजीच्या दारामागच्या खिळ्याला वायरच्या तुकड्यांचा जुडगा लटकलेला होता, किल्ल्या नसलेला. तो ओट्यावर बसून बघत होता. लाल वायरवाल्यांनी किल्ली चंद्रप्रकाशच्या घरी दिली. पिवळ्या वायरवाल्यांनी मुलीकडे दिली. काळ्या वायरवाल्यांनी कडी-कुलूप लावलं आणि समोरूनच निघून गेले. कुणी त्याला काही सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

संध्याकाळी लहू आला. सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं चौक ओलांडला होता. त्यानं किल्ली पुढे केली.

"तुळशीला पाणी घाला," तो म्हणाला.

"आणि मेन?"

"ते तुम्हाला मी काय सांगायचं?" असं म्हणून लहू वळला.

गुणाजीनं जुडग्यातला हिरवा तुकडा शोधला आणि किल्लीला बांधला. बोटं आता पूर्वीसारखी वळत नव्हती, दोनदा गाठ सुटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात मोबाइल वाजले, तसं सात वाजता त्यानं लहूचं दार उघडलं. तुळशीला पाणी घातलं. मग मेनपाशी आला. लहूनं त्याच्यावर पट्टी चिकटवली असेल, कागद लावला असेल, बारकं कुलूप घातलं असेल, असं त्याला रात्रभर वाटत होतं. काही नव्हतं. मेन उघडा होता. शेजारी पेटी घूं करत होती, आणि ती बघून त्याच्या पोटात पुन्हा दुखलंच. जुनं दुखणं ते, एका शिमग्यात जायचं नव्हतं.

त्यानं लहूची प्लास्टिकची खुर्ची ओढून मेनसमोर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. साडेसातला हिरवा दिवा निळा झाला. साडेनऊला पुन्हा हिरवा होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग उठून खुर्ची होती तिथे ठेवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि किल्ली मुठीत धरून चौक ओलांडला.